टोकियोतली दहा बाय बाराची खोली: आई-बाबांसोबत बिझनेस हॉटेलात आठ रात्री

घारापुरी

गेल्या नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन टोकियोला जाऊन आलो. देवळं, बागा, बुलेट ट्रेन यांवर इथे आधीच भरपूर धागे आहेत, त्यात भर घालत नाही. मला लिहायचंय ते हॉटेलच्या खोलीबद्दल. कारण परत आल्यापासून बाबा भेटेल त्याला फूजी पर्वत सोडून खोलीच सांगतायत.

तिथे 'बिझनेस हॉटेल' म्हणून एक प्रकार असतो. नावावर जाऊ नका, सूटबूट आणि कॉन्फरन्स हॉल असलं काही नाही. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या नोकरदारांना रात्री पाठ टेकायला जागा हवी, त्यासाठी निघालेली ही हॉटेलं. तोयोको इन, आपा, सुपर होटेल, डॉर्मी इन अशा साखळ्या आहेत. मोठ्या स्टेशनातून बाहेर पडून मान वर केली की एखादी निळी नाहीतर नारिंगी पाटी दिसतेच. तोयोको इनचं पहिलं हॉटेल १९८६ साली टोकियोतल्याच कामाताला निघालं. त्यांच्याकडे बहुतेक मॅनेजर स्त्रिया असतात, हे कळल्यावर आईने ती पाटी दिसली की आत डोकवायचा नियमच केला.

आम्ही उतरलो होतो आसाकुसाबाशीला, दुसऱ्याच एका साखळीत. नाव विचारू नका, कारण पुढे एक घोळ सांगणार आहे आणि त्यात निम्मा हात माझाच आहे. जागा मात्र अगदी योग्य निवडली होती असं अजूनही म्हणेन. आसाकुसा या मेट्रो लाइनच्या थेट गाड्या हानेदा आणि नारिता या दोन्ही विमानतळांना जातात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घेऊन सामानासकट गाडी बदलायचा ताप नाही.

संकेतस्थळावर खोलीचं क्षेत्रफळ ११ चौरस मीटर लिहिलेलं. मी तो आकडा वाचला, पण डोक्यात काही उजेड पडला नाही. बाबांनी दार उघडलं, बूट काढले आणि भिंतीला टाच लावून पावलं मोजायला लागले. पलंग आडवा आला तिथे अंदाजपंचे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, ही तर आपली खोली. दहा बाय बारा. मोरीसकट!"

११ चौरस मीटर म्हणजे ११८ चौरस फूट. बाबा गिरगावात चाळीच्या ज्या खोलीत वाढले ती १२० ची. तिथे सात माणसं राहायची, इथे दोनच.

आता खोलीत काय होतं ते सांगतो. पलंग मुद्दाम उंच केलेला, खाली दोन मोठ्या बॅगा आडव्या सरकतात. भिंतीला लागून फूटभर रुंदीची फळी, तेच टेबल. त्याखाली खुर्ची, बोटभर जागा न सोडता आत जाणारी. फळीच्या वर टीव्ही, खाली गुडघ्यापाशी फ्रिज, फ्रिजच्या डोक्यावर किटली. दाराशेजारी चार हुक, कपाट नाहीच. उशाशी सगळ्या दिव्यांची बटणं आणि पलंगाच्या पायाशी भिंतीत अडकवलेला एक टॉर्च, जो काढला की आपोआप पेटतो. भूकंपाचा देश. बाबांनी पहिल्या दहा मिनिटांत तो चार वेळा काढून पाहिला.

आता घोळ. मी स्वतःसाठी सिंगल आणि आई-बाबांसाठी 'सेमी-डबल' घेतली होती. माझी समजूत अशी की सेमी म्हणजे डबलपेक्षा थोडी बरी काहीतरी. निघाला १२० सेंटिमीटरचा पलंग. म्हणजे एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना शिक्षा. सकाळी आई म्हणाली, "कुशीवर वळायचं तर आधी सांगून वळावं लागत होतं." बुकिंगच्या पानावर पलंगाची रुंदी होती, पण चार वेळा खाली सरकवल्यावर, करड्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी काउंटरवर फोनच्या अनुवादकाच्या मदतीने विनवणी केली. त्या रात्रीपासून ट्विन, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली मिळाली, रोज २,८०० येन जास्त देऊन. ती १५ चौरस मीटरची. बाबा त्या खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाले, "हा आता ब्लॉक झाला."

इथे कोणी अशा हॉटेलांत वयस्कर माणसांना घेऊन राहिलंय का? फेब्रुवारीत मावशी-काकांनाही जायचंय, त्यांना काय सांगू?

शेवगा_शेंग

मस्त लिहिलंय. कुशीवर वळण्याचं वाक्य वाचून ऑफिसात एकटीच हसले.

माझा प्रश्न न्हाणीघराचा. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिथल्या बाथरूमला पायरी असते असं ऐकलंय. आणि टब असेल तर त्यात चढून अंघोळ करावी लागते का? बादली-मग मिळतो का?

घारापुरी

पायरी असते. आमच्याकडे वीतभर उंच होती, आणि पायरी चढल्यावर लगेच आत उतरायचं. पूर्ण न्हाणीघर म्हणजे प्लास्टिकचा एक अखंड डबा वाटतो. भिंत, जमीन, छत सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं, कुठे फरशीचा सांधा नाही. बेसिन आणि टब यांना मिळून एकच नळ. त्याची चोच लांब असते, ती फिरवून बेसिनवर आणायची की टबवर ते आपण ठरवायचं. दात घासून चोच परत टबवर नेली नाही तर पुढचा माणूस शॉवर समजून खटका फिरवतो आणि बेसिन भरून वाहतं. हे आमच्याकडे घडलंय, कोणाच्या हातून ते सांगत नाही.

टबची कड गुडघ्याच्या जरा वर येते. भिंतीला आडवी दांडी होती, आईने ती धरून रोज चढउतार केली. बादली-मग नाही. आईने टबात प्लास्टिकचं स्टूल मागवून ठेवलं होतं, काउंटरवर खुणेने सांगितल्यावर मिळालं. सासूबाईंना त्रास होणार असेल तर 'युनिव्हर्सल' किंवा अपंगांसाठीची खोली विचारा. बऱ्याच हॉटेलांत एखाद-दुसरी असते, ती पायरीविना आणि मोठी असते.

आरशाचा एक चौकोनी तुकडा मात्र वाफेने कधीच धुरकट होत नाही, मागून गरम केलेला असतो. बाबा दाढी करताना रोज त्याचं कौतुक करायचे.

पोटमाळा

घारापुरी, तुम्ही ज्याला डबा म्हणताय तो खरोखरच डबा आहे. कारखान्यात बनतो आणि इमारतीत आणून बसवतात. त्याला युनिट बाथ म्हणतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी होटेल न्यू ओतानी बांधायला घेतलं तेव्हा हजारावर खोल्या आणि हातात जेमतेम दीड वर्ष. प्रत्येक न्हाणीघरात गवंडी, फरशीवाला, प्लंबर पाळीपाळीने बसवत गेले असते तर ऑलिंपिक संपून गेलं असतं. तेव्हा तोतो कंपनीने फायबरग्लासचे तयार भाग जोडून न्हाणीघर करायची पद्धत काढली. नंतर हीच गोष्ट घरोघरी गेली.

धंद्यातली भाषाही मजेशीर आहे. १०१४, १२१६, १४१८ असे आकडे सांगतात. १२१६ म्हणजे आतली जागा १२० बाय १६० सेंटिमीटर. बिझनेस हॉटेलात बरेचदा १०१४ किंवा जरा मोठा असतो. एक मीटर बाय एक मीटर चाळीसमध्ये टब, बेसिन आणि कमोड. मी आर्किटेक्ट आहे. आमच्याकडे टॉयलेटची स्लोप चुकून पाणी दारात आलं नाही असा एक प्रोजेक्ट मला आठवत नाही, आणि हे लोक अख्खं बाथरूम खोक्यातून आणतात. पायरीचं कारणही तेच. डब्याखालून नळ्या जातात, त्यामुळे त्याची जमीन उचललेली असते.

रोखठोक

सगळं खरं, पण प्रामाणिकपणे सांगा, एका रात्रीचे किती पडले? एवढी लाख-दीड लाखाची तिकिटं काढून माणसाने खुराड्यात राहायचं आणि वर त्याचं कौतुक करायचं, हे मला झेपत नाही. त्या पैशात व्हिएतनामला फोर स्टार मिळतं. बॅग उघडायला जागा नाही म्हणून ती पलंगावर उघडायची, मग झोपायच्या वेळी परत बंद करायची. ही काय सुट्टी?

घारापुरी

सेमी-डबल दोघांना ११,४०० येन, माझी सिंगल ८,२००. सेमी-डबलचे साधारण साडेसहा हजार रुपये झाले. त्यात सकाळचा नाश्ता होता. टोकियोत हॉटेलवर वेगळा शहरकर आहे, पण माणशी रात्रीचे १०,००० येनच्या आत असतील तर तो लागत नव्हता, तेवढी बचत.

बॅग पलंगावर उघडायची हे मात्र खरं आहे. त्यावर आम्ही शोधलेला उपाय: दोन बॅगांपैकी एक फक्त 'परतीची'. विमानतळावरून आल्यावर ती पलंगाखाली गेली ती आठव्या दिवशी बाहेर आली.

निशिकासाई

नमस्कार, मी टोकियोतच असते, आयडीवरून कळलंच असेल कुठे. पाहुण्यांसाठी हॉटेलं शोधून शोधून आता एजंटगिरी करावी असं वाटायला लागलंय, म्हणून जरा सविस्तर.

सेमी-डबलने फसणारे तुम्ही पहिले नाही, माझे स्वतःचे आई-वडील फसलेत. लक्षात ठेवा: सेमी-डबल १२०, डबल १४० किंवा जरा जास्त, ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग. आपल्याकडचा डबल बेड तिथे क्वीन-किंगच्या भावात शोधावा लागतो. जोडप्याच्या वयानुसार सांगायचं तर लग्नाला वर्षाच्या आत असाल तर सेमी-डबल, नाहीतर सरळ ट्विन घ्या.

दुसरं, इथे बऱ्याच ठिकाणी दर खोलीचा नसून माणसाचा असतो. एकाच्या नावावर खोली घेऊन दोघं जाऊन झोपू, हा आपला जुना खेळ इथे चालत नाही. जपानबाहेरून आलेल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत काढून ठेवायची असते. शाळेत न जाणारं मूल आई-बापांच्याच पलंगावर झोपणार असेल तर बहुतेक साखळ्या त्याचे पैसे घेत नाहीत, पण बुकिंग करताना ते लिहा.

तिसरं, वार बघा. शनिवारची रात्र सगळ्यात महाग आणि रविवारची स्वस्त. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या दिवसांत दर बघून रडू येतं. फेब्रुवारी उत्तम, मावशी-काकांना थंडीचे कपडे तेवढे घ्यायला सांगा.

चौथं, धूम्रपानाची खोली. अजूनही काही मजले त्यांच्यासाठी राखीव असतात आणि त्या खोल्या दोन-चारशे येन स्वस्त दाखवतात. पडद्यांत मुरलेला वास जात नाही. बुकिंग करताना 'किन्-एन' म्हणजे धूम्रपान मना. 'कित्सु-एन' म्हणजे धूर. उच्चार सारखे वाटतात आणि तिथेच गल्लत होते.

खोलीत दात घासायचा ब्रश, कंगवा, दाढीचं ब्लेड नसलं तर चिडू नका. एप्रिल २०२२ पासून प्लास्टिक कमी करायचा कायदा लागू झालाय, तेव्हापासून हे सगळं खाली लॉबीत फडताळावर ठेवतात. लागेल तेवढंच उचलायचं. माझ्या काकूने सात कंगवे उचलले होते ते जाऊ दे.

शेवगा_शेंग

निशिकासाई, काकूंना माझा साष्टांग नमस्कार. आमच्याकडेही अशा एक आहेत.

आता खाण्याचं सांगा. आम्ही पक्के शाकाहारी.

निशिकासाई

फुकट नाश्त्यात साधारण भात, मिसो सूप, कोशिंबीर, ब्रेड, अंडी, बटाट्याचं काहीतरी, कॉफी. मिसो सूप शाकाहारी दिसतं पण त्याचं पाणी माशाच्या सुक्या किसाचं असतं. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. शाकाहारी आहे, पण तार सुटते आणि वास येतो. ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं, माझ्या नवऱ्याने दहा वर्षांत एकदाच खाल्लं. भात, लोणी, कोशिंबीर आणि बरोबर आणलेली चटणी यावर सकाळ निभते. दुकानांतले उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे ओनिगिरी (भाताचे मुटके) बरे पडतात. आपल्या लिंबाच्या जुन्या लोणच्याशी नातं सांगणारी चव आहे.

अगदीच घरचं खावंसं वाटलं तर निशी-कासाईला या. आसाकुसाबाशीहून निहोम्बाशीला जाऊन तोझाई लाइन पकडायची. इथे तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. आमच्या एदोगावा वॉर्डात भारतीय इतके आहेत की २०१९ मध्ये वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक निवडून आले, मूळचे आपले मराठीच.

मीठमिरची

एवढा उपद्व्याप कशाला? आम्ही सिंगापूर, दुबई सगळीकडे छोटा इलेक्ट्रिक कुकर नेतो. खोलीत खिचडी लावायची, वर तूप. टोकियोलाही तेच करणार आहोत. कोणाला काही कळत नाही.

निशिकासाई

कृपा करून करू नका. खोली बंद डबा आहे, खिडकी उघडली तर चार बोटं उघडते. फोडणीचा वास गादीत शिरतो आणि पुढचा पाहुणा तक्रार करतो. छतावर धुराचा सेन्सर असतो तो वेगळाच. साफसफाईचे पैसे वसूल केल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

मीठमिरची

खिचडीला कुठे फोडणी लागते? आणि तुम्ही तिकडे राहून फार जपानी झालात बुवा.

पोटमाळा

नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवा, कुकर चालणारच नाही. जपानात घरगुती वीज १०० व्होल्ट. आपला कुकर २३० साठी बनवलेला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे तिथे तुम्हाला जेमतेम १९ टक्के ताकद मिळेल. ३०० वॅटचा कुकर तिथे ५७ वॅटचा होतो. त्यावर तांदूळ शिजणार नाहीत, भिजतील. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० सगळं खातात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

आणखी एक गंमत. टोकियोत वीज ५० हर्ट्झची आणि ओसाकात ६० ची. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्र घेतलं आणि ओसाकाने अमेरिकन. तेव्हापासून देशाचे दोन तुकडे आहेत, साधारण फुजी नदीपाशी सीमा. सव्वाशे वर्षं झाली, कोणी माघार घेतली नाही. पुणे-मुंबईचा वाद त्यापुढे काहीच नाही.

मीठमिरची

हे आधी सांगायचं ना! कुकर बॅगेत भरून झालाय.

आडवातिडवा

विषय निघालाच आहे म्हणून: कॅप्सूल हॉटेलबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मी एक रात्र राहिलोय. ११ चौरस मीटरवाले तिथले सरंजामदार. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. बसून टी-शर्ट बदलता येतो, विजार बदलायला योगासनं यावी लागतात. घोरणाऱ्यांचा ऑर्केस्ट्रा फुकट. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात निघालं, किशो कुरोकावा या वास्तुकाराच्या आराखड्यावर.

आता आपल्याकडेही आहे. मुंबई सेंट्रल स्टेशनात नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं, ४८ पॉड, उद्घाटन रावसाहेब दानवे यांच्या हस्ते. पहाटेची गाडी असेल तर मी तिथेच पडतो. दादरला लॉज शोधत, "फॅमिली आहे का?" या प्रश्नाला उत्तर देत फिरण्यापेक्षा लाखपट बरं.

पोटमाळा

त्याच कुरोकावांचा गिंझाजवळचा नाकागिन टॉवर १९७२ चा. १४० कॅप्सूल, प्रत्येक जेमतेम १० चौरस मीटरची. जुन्या झाल्या की काढून नव्या लावायच्या अशी कल्पना होती. एकही बदलली गेली नाही. २०२२ मध्ये टॉवर पाडला. मी विद्यार्थी असताना बाहेरून बघून आलो होतो, सगळ्या गोल खिडक्यांना गंजाचे ओघळ आलेले.

घारापुरी

खिडकीवरून आठवलं. आमच्या माळ्यावर जिन्याजवळच्या खिडकीच्या काचेवर एक लाल उलटा त्रिकोण चिकटवला होता. बाबा तीन दिवस त्याच्या मागे. निशिकासाई, काय भानगड असते?

निशिकासाई

आग लागली तर बंबवाल्यांनी बाहेरून कुठल्या खिडकीतून शिरायचं त्याची खूण. तिसऱ्या मजल्यापासून वर, शिडी पोचते त्या ३१ मीटर उंचीपर्यंत असते. बाबांची नजर तयार आहे!

घारापुरी

बेस्टमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. डेपोत शिरलं की आधी आगीच्या बादल्या मोजायचे. कळवतो त्यांना.

शेवगा_शेंग

सार्वजनिक स्नानाबद्दल विचारायचं राहिलं. आमच्या हॉटेलात 'मोठं स्नानगृह' आहे असं लिहिलंय. खरंच सगळे... तसेच?

निशिकासाई

खरंच सगळे तसेच. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं, बाहेर पडदे असतात. आत जाण्याआधी स्टुलावर बसून, साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची आणि मग कुंडात उतरायचं. कुंड धुण्यासाठी नसतं, शेकण्यासाठी असतं. छोटा पंचा डोक्यावर ठेवायचा, पाण्यात बुडवायचा नाही. गोंदवलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी अडवतात, तुमच्या सासूबाईंच्या हातावर जुन्या पद्धतीचं गोंदण असेल तर आधी विचारून घ्या. आणि तिथे स्टुलं, बादल्या, छोटी घमेली सगळं असतं, म्हणजे तुमचा बादली-मगचा प्रश्न सुटला. गुडघ्यासाठी तर ते खोलीतल्या टबापेक्षा कितीतरी सोपं, पायऱ्या आणि कठडा असतो.

युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटं फक्त प्रेताला घालतात.

शेवगा_शेंग

बापरे. हे छापून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवते.

रोखठोक

परत आलो, कारण एक गोष्ट खटकतेय. वर घारापुरींच्या बाबांनी 'दहा बाय बारा' म्हटलं आणि सगळे सुखावले. मी वरळीला बीडीडी चाळीत वाढलो, १६० फुटांची खोली. त्या जागेत आम्ही आठ जण जगलो ते खोलीमुळे नाही, गॅलरीमुळे. झोपायला गॅलरी, अभ्यासाला जिना, भांडायला नळ. दार रात्री झोपताना लागायचं तेवढंच. तुमच्या त्या हॉटेलात प्रत्येक दार कार्डाने बंद. शेजारच्या खोलीत कोण आहे हे आठ रात्रीत कळलं का? मग ती चाळ कशी? नुसती जागा लहान असली म्हणजे चाळ होत नाही.

पोटमाळा

रोखठोक, बिनतोड. पण एक आहे. बघा, खोलीतून काय काय बाहेर काढलंय: कपडे धुणं, इस्त्री, मायक्रोवेव्ह, बर्फ, ऐसपैस अंघोळ, नाश्ता. सगळं सामायिक. आराखडा चाळीचाच आहे, माणसं मात्र एकमेकांशी बोलत नाहीत.

घारापुरी

रोखठोक, शेजारी कोण होतं हे मला नाही कळलं. पण तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यांना लाँड्रीचं सांग."

तर लाँड्रीचं सांगतो. दुसऱ्या मजल्यावर एक छोटी खोली, त्यात तीन धुलाई यंत्रं आणि वर तीन ड्रायर. धुवायला ३०० येन, साबण यंत्र आपोआप घेतं. वाळवायला अर्ध्या तासाला १००. कुठलं यंत्र रिकामं आहे ते खोलीतल्या टीव्हीवर दिसतं, त्यामुळे खाली जाऊन ताटकळायची गरजच नाही. पण बाबा जायचे. तिथे दोन घडीच्या खुर्च्या होत्या आणि एका खुर्चीवर रोज रात्री नऊच्या सुमारास एक सत्तरीचे जपानी गृहस्थ. नागोयाहून आलेले, कसल्यातरी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी, एवढं बाबांना नकाशावर बोट ठेवून समजलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि बाबांना जपानी. पहिल्या दिवशी बाबांकडे नाणी नव्हती, त्या माणसाने १०० येनचं नाणं घातलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याचं नाणं घातलं, वर बाकरवडी दिली. तिसऱ्या दिवशी त्याने खाली व्हेंडिंग मशिनमधून गरम कॉफीचे दोन डबे आणले. एका रात्री मी बाबांना शोधत गेलो तर दोघंही ड्रायरच्या गोल काचेतून फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत बसले होते. कोणीच काही बोलत नव्हतं. यंत्र थांबलं तेव्हा त्या गृहस्थांनी बाबांचा सदरा काढून, झटकून, घडी घालून हातात दिला.

पाचव्या रात्री ते आले नाहीत. बाबा अर्धा तास थांबून वर आले.

रोखठोक

बरं. मान्य.

बाकरवडी कुठली होती?

घारापुरी

ठाण्यातली, स्टेशनजवळची.

शेवगा_शेंग

एक शेवटचं विचारते. आठ दिवसांत किती वेळा कपडे धुतले मग?

घारापुरी

सहा वेळा. आई म्हणते बनियनं विरली. पण तिला बोलायचा हक्क नाही, आसाकुसाबाशीला मण्यांची घाऊक दुकानं आहेत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती 'परतीची' बॅग येताना १ किलो ७०० ग्रॅमने जास्त भरली, आणि विमानतळाच्या काउंटरवर ती उघडून मण्यांच्या पुड्या बाबांच्या कोटाच्या खिशांत भराव्या लागल्या.